मेरी कॉरेली आणि करवीरचे दोन प्राध्यापक

इंग्रजी वाङ्मयाच्या प्रतिष्ठित इतिहासांत मेरी कॉरेली या लेखिकेला एखाद्या ओळीपलीकडे सहसा जागा मिळत नाहीं, आणि ती ओळहि बहुधा नापसंतीचीच असते. मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत मात्र तिचें नांव दोनदां येतें, आणि दोन्ही वेळां मोक्याच्या ठिकाणीं येतें. एकदां तें येतें ना. सी. फडके यांच्या पहिल्या कादंबरीच्या निमित्तानें. दुसऱ्यांदा कवि माधव जूलियन यांच्या टोपणनांवाच्या निमित्तानें. योगायोग असा, कीं हे दोघेहि १८९४ सालीं जन्मलेले, आणि दोघेहि पुढें एकाच संस्थेंत, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजांत, प्राध्यापक म्हणून एकत्र आले. एक तर्कशास्त्र व तत्त्वज्ञान शिकवीत, दुसरे फार्सी. विलायतेंत ज्या लेखिकेची विद्वानांनीं टर उडविली, तिच्या पुस्तकांनीं आमच्याकडील दोन विद्वानांना तारुण्यांत भुरळ घालावी, ही गोष्ट थट्टेवारी नेण्यासारखी नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभींची इंग्रजी कादंबरी मराठी घरांत कोणत्या दारानें शिरली, आणि शिरतांना उंबऱ्याबाहेर काय ठेवून आली, याचा बराचसा उलगडा या एका लेखिकेवरून होतो. श्रोतेहो, आजच्या भाषणांत तोच करून पाहावा असा माझा विचार आहे.

या बाईचें खरें नांव मेरी मॅके. जन्म १८५५ चा, मृत्यु १९२४ चा. 'कॉरेली' हें इटालियन वळणाचें नांव तिनें स्वतःच्या हौसेनें धारण केलें. १८८६ सालीं 'अ रोमान्स ऑफ टू वर्ल्ड्स' ही तिची पहिली कादंबरी निघाली, पुढल्याच वर्षीं 'थेल्मा', आणि १८९५ सालीं 'द सॉरोज ऑफ सेटन' बाहेर पडली तेव्हां खपाच्या बाबतींत तिची बरोबरी करणारे लेखक इंग्लंडांत थोडेच उरले होते. खुद्द व्हिक्टोरिया राणी तिची चाहती होती. टीकाकार मात्र तिच्यावर तुटून पडत. तेव्हां सैतानाच्या दुःखांच्या या कादंबरीच्या आरंभीं तिनें एक सूचनाच छापून टाकली, कीं या पुस्तकाच्या प्रति परीक्षणासाठीं कोणाकडेहि पाठविण्यांत आलेल्या नाहींत; टीकाकारांनीं त्या इतर वाचकांप्रमाणेंच मिळवाव्या. असा हा करारी स्वभाव. तिचीं शेवटचीं वर्षें शेक्सपियरच्या स्ट्रॅटफर्ड गांवीं 'मेसन क्रॉफ्ट' नांवाच्या घरांत गेलीं, आणि तें घर पुढें बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या शेक्सपियर-अभ्यासाच्या संस्थेकडे आलें. ज्या पंडितवर्गाशीं ती जन्मभर भांडली, तोच अखेर तिच्या दिवाणखान्यांत येऊन बसला!

आतां ही पुस्तकें आमच्याकडे आलीं कशीं? आपल्याकडील इंग्रजी शिक्षणाला प्रथमपासूनच दोन तोंडें होतीं. एक विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाचें. त्यांतून शेक्सपियर, मिल्टन, स्कॉट, वर्डस्वर्थ आले. दुसरें रेल्वेच्या फलाटावरचें. १८७७ पासून व्हीलर कंपनीचीं पुस्तकांचीं दुकानें स्टेशनांवर दिसूं लागलीं, लंडनचे प्रकाशक वसाहतींसाठीं स्वस्त आवृत्त्या काढूं लागले, आणि गांवोगांवच्या ग्रंथालयांनीं त्या आपल्या कपाटांत लावल्या. कोल्हापुरांत तर, ज्याला आपण आज करवीर नगर वाचन मंदिर म्हणतों तें ग्रंथालय, १८५० पासूनचें. परीक्षेसाठीं वाचावयाचें तें वाचून झालें, कीं विद्यार्थी स्वतःच्या आनंदासाठीं जें हातीं घेई तें बहुधा या दुसऱ्या वाटेनें आलेलें असे. हरिभाऊ आपट्यांच्या पिढीला रेनॉल्ड्सनें असेंच वेड लावलें होतें. १८८५ मध्यें सुरू झालेली 'मधली स्थिति' ही त्यांची पहिली सामाजिक कादंबरी रेनॉल्ड्सच्या 'मिस्टरीज ऑफ ओल्ड लंडन' या पुस्तकावरून सुचली. त्यानंतरच्या पिढीला रेनॉल्ड्सच्या जागीं कॉरेली भेटली. हा फरक लहान नव्हे. रेनॉल्ड्सनें हरिभाऊंच्या हातीं शहरांतील अंधारे बोळ दाखविणारा कंदील दिला; कॉरेलीनें पुढल्या पिढीच्या हातीं दिलें तें प्रेमाचें निरांजन. निरांजन ओवाळण्याच्या कामाचें. त्याच्या उजेडांत फार दूरचें दिसत नाहीं.

'टेम्पोरल पॉवर' ही तिची कादंबरी १९०२ सालची. एका कल्पित देशाचा राजा वेष पालटून आपल्याच प्रजेंतल्या क्रांतिकारकांच्या गुप्त मंडळांत जाऊन बसतो. तेथें लोटिस नांवाच्या एका तेजस्वी स्त्रीकडे त्याचें मन ओढलें जातें. इकडे युवराज समुद्रकांठीं वाढलेल्या एका सामान्य घरच्या मुलीशीं गुपचूप लग्न लावून मोकळा होतो. प्रीति आणि समाजक्रांति असे दोन रंगांचे धागे एकाच मागावर घातलेले. या कादंबरीच्या आधारें नारायण सीताराम फडके यांनीं 'अल्ला हो अकबर' लिहिली. ती १९१७ सालीं प्रसिद्ध झाली, तेव्हां फडके तेविशीच्या घरांत होते. मराठी वाचकाला वेषांतर करणारा राजा नवा नव्हता. हरून अल् रशीदाच्या गोष्टी 'अरबी भाषेंतील सुरस व चमत्कारिक गोष्टीं'नीं घरोघर पोंचविल्या होत्याच. गुप्त मंडळेंहि, १९०८ नंतरच्या महाराष्ट्रांत, अगदींच अनोळखी राहिलीं नव्हतीं. नवें होतें तें दुसरेंच: मुलानें मुलगी पाहावी, मुलीनें मुलगा पाहावा, दोघांनीं मनाशीं ठरवावें, आणि वडिलधाऱ्यांना तें मागाहून कळावें.

त्या काळच्या मराठी घरांत प्रेम नव्हतें असें कोणी समजूं नये. तें लग्नाच्या आधीं नव्हतें, इतकेंच. संमतिवयाचा जो कायदा १८९१ सालीं एवढ्या रणधुमाळीनें झाला, त्यानें मुलीच्या वयाची मर्यादा दहावरून बारावर नेली, बारापलीकडे नाहीं. शारदा कायदा व्हावयास १९२९ साल उजाडावें लागलें. तो १ एप्रिल १९३० पासून अंमलांत आला, आणि त्यानेंहि मुलीला चौदा व मुलाला अठरा एवढींच वर्षें मागितलीं, तींहि ब्रिटिश मुलुखापुरतीं. हरिभाऊंची 'पण लक्ष्यांत कोण घेतो?' आठवून पाहा. यमू आणि रघुनाथराव यांच्यामधला जिव्हाळा मराठींतील कोणत्याहि प्रेमकथेच्या तोडीचा आहे. पण तो उमलतो तो बोहल्यावरून उतरल्यानंतर. इंग्रजी कादंबरी बहुधा चर्चच्या दाराशीं येऊन संपे. आमच्या नायिकेची कथा तेथून पुढें सुरू होई. तेव्हां विलायती नमुन्याची प्रेमकथा मराठींत आणावयाची, तर पहिली अडचण व्यावहारिकच होती. उपवर, शिकलेली, अविवाहित आणि परपुरुषाशीं चार शब्द बोलूं शकणारी मुलगी आणावी कोठून? इंग्रजी कादंबरीकाराला नृत्याची मेजवानी होती, पाद्रीसाहेबांचा चहा होता, खेड्यांतलें मोठें घर व त्यांतले आठवडाभराचे पाहुणे होते. आम्हांला काय? चैत्रगौरीचें हळदीकुंकू! तेथें पुरुषाला प्रवेश नाहीं.

त्याच सुमारास इंग्लंडांत याहून धीट कादंबऱ्या निघत होत्या. एच. जी. वेल्सच्या 'अ‍ॅन व्हेरॉनिका'तली मुलगी १९०९ सालीं बापाचें घर सोडून बाहेर पडली, मताधिकार मागणाऱ्या स्त्रियांबरोबर तुरुंगांत गेली आणि आपला जोडीदार आपण निवडून राहिली. एलिनॉर ग्लिनच्या 'थ्री वीक्स'नें १९०७ मध्यें सभ्य समाजाला घाम फोडला होता. डी. एच. लॉरेन्सच्या 'द रेनबो'च्या प्रति तर १९१५ सालीं कोर्टाच्या हुकुमानें नष्ट करण्यांत आल्या. यांपैकीं एकहि पुस्तक वडिलांच्या नजरेस पडेल अशा ठिकाणीं ठेवण्याजोगें नव्हतें. कॉरेलीचें ठेवतां येई. तिच्या कादंबरींत प्रेम हें आत्म्याचें असतें, त्याला परमेश्वराची संमति असते. पापी असतात ते पैशाच्या आणि विलासाच्या मागें लागलेले लोक. कीर्तनाला बसणाऱ्या घरांत हें तत्त्वज्ञान सहज खपलें असतें.

आणखी एक कारण आहे, आणि मला तें अधिक महत्त्वाचें वाटतें. पैशासाठीं होणाऱ्या लग्नांवर कॉरेलीचा खरोखरीचा राग होता. सैतानाच्या कादंबरींतली लेडी सिबिल स्वतःच्या तोंडानें सांगते, कीं आपण विक्रीस काढलेला माल आहों. १८९८ सालीं 'द मॉडर्न मॅरेज मार्केट' या नांवानें चार बायकांचे लेख एकत्र निघाले. त्यांत लग्नाच्या या बाजारावर सर्वांत कडक कोरडे ओढले ते कॉरेलीनेंच. आतां हें वाचणारा मराठी तरुण कोण? ज्याच्या स्वतःच्या हुंड्याचा आंकडा मॅट्रिक, इंटर, बी. ए. अशा प्रत्येक पायरीला वाढत होता तो. ज्या घरांत एका मुलाचा हुंडा घेऊन मुलीचा हुंडा भागवीत, त्या घरांतला तो. लंडनच्या लेडी सिबिलचें दुःख त्याला दुभाष्याशिवाय समजलें.

पण या बाईच्या धैर्याला हद्द होती. स्त्रियांच्या मताधिकाराची चळवळ ऐन भरांत आली तेव्हां, १९०७ सालीं, तिनें त्या चळवळीविरुद्ध पुस्तिका लिहिली. जी स्वतःच्या लेखणीवर जगली, मोठी झाली, आणि पुरुष टीकाकारांना भीक घालीत नसे, तिनें इतर बायकांना मात्र घरांतच बसा असें सांगावें, हें चमत्कारिक खरें. प्रेमाला मोकळीक द्या, समाजाची घडी विस्कटूं नका, असा तिचा एकंदर रोख. आमच्याकडे तिच्याबरोबर हा रोखहि आला, असें मला वाटतें.

आतां माधव जूलियन. माधव त्र्यंबक पटवर्धन यांचा जन्म बडोद्याचा. 'जूलियन' या नांवाचें मूळ सांगतांना कांहीं जण शेलीच्या 'जूलियन अँड मॅडॅलो' या काव्याकडे बोट दाखवितात. पण अधिक प्रमाणांत सांगितलें जातें तें कॉरेलीच्या 'गॉड्स गुड मॅन' या १९०४ सालच्या कादंबरीचें नांव. तींत जूलियन अ‍ॅडर्ली नांवाचा एक लहरी कवि आहे. कथेचा नायक तो नव्हे. नायक एक पाद्री आहे. हजारों वाचक ज्या दुय्यम पात्रावरून पुढें सरकले असतील, त्याच्यापाशीं एक मराठी तरुण थांबला आणि त्याचें नांव स्वतःच्या नांवापुढें लावून जन्मभर वागवूं लागला.

ही नुसती हौस नव्हती, हें पुढें काळानें दाखविलें. फर्ग्युसन कॉलेजांत फार्सीचे प्राध्यापक असतां एका विद्यार्थिनीशीं असलेल्या त्यांच्या स्नेहावरून पुण्यांत वादळ उठलें, आणि १९२५ च्या सुमारास त्यांना तें कॉलेज सोडावें लागलें. कादंबरींतल्या प्राध्यापकाला जें शोभून दिसतें, तें पुण्याच्या प्राध्यापकाला महाग पडलें. 'विरहतरंग' हें कॉलेजांतील एका तरुणाच्या आणि तरुणीच्या विफल प्रेमाचें खंडकाव्य १९२६ सालीं निघालें. 'सुधारक' १९२८ सालीं. या दुसऱ्या काव्यांत त्यांनीं बोलघेवड्या सुधारकाची जी रेवडी उडविली आहे, ती वाचतांना कवीच्या जखमेवर खपली धरली नव्हती हें जाणवतें. स्त्रीशिक्षणावर व्याख्यानें देणारा, पण शिकलेली स्त्री आणि शिकलेला पुरुष एका बाकावर बसले कीं भुंवया चढविणारा सुधारक त्यांनीं जवळून पाहिला होता. मधलीं दोन-तीन वर्षें अमरावतीकडे काढून १९२८ मध्यें ते राजाराम कॉलेजांत आले आणि १९३९ सालीं वारले तोंपर्यंत तेथेंच राहिले. याच काळांत 'छंदोरचना' या ग्रंथाला मुंबई विद्यापीठाची डी. लिट्. पदवी मिळाली, 'गज्जलांजलि' निघाली, आणि जळगांवच्या १९३६ च्या साहित्यसंमेलनाचें अध्यक्षपद आलें. गंमत म्हणजे फार्सी शिकवून पोट भरणारा आणि इंग्रजी कादंबरींतलें नांव मिरविणारा हा कवि पुढें मराठींतून फार्सी व इंग्रजी शब्द वेंचून काढावेत म्हणून 'भाषाशुद्धि-विवेक' लिहूं लागला. स्वतःचें टोपणनांव मात्र त्यांनीं वेंचून टाकलें नाहीं!

फडके त्यांच्या आधीं, १९२६ सालीं, कोल्हापुरास आले होते. राजाराम कॉलेजाचे प्राचार्य तेव्हां डॉ. बाळकृष्ण, आर्यसमाजी, इतिहासकार, कर्तृत्ववान् गृहस्थ. १९२२ पासून १९४० पर्यंत तें कॉलेज त्यांच्या हातीं होतें. शाहूमहाराजांनीं तें १९१९ मध्यें आर्यसमाजाकडे सोंपविलें होतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे पुण्याच्या सोंवळ्यांतून निघालेल्या माणसांना येथें जागा कां मिळाली हें कळूं लागतें. याच कोल्हापुरांत बसून फडक्यांनीं 'जादूगार', 'दौलत', 'अटकेपार' या कादंबऱ्या एकामागून एक लिहिल्या आणि मराठी वाचकवर्गाला अक्षरशः वेड लावलें. नायक-नायिकेनें भेटावें कोठें, हा जो प्रश्न मघाशीं काढला, त्याचें उत्तर त्यांनीं दिलें. कॉलेज, टेनिसचें मैदान, संमेलन, थंड हवेचें ठिकाण, मोटारींतला प्रवास. आज हें वाचून हसूं येईल. पण त्या वेळीं कॉलेजांत जाणाऱ्या मुली खरोखर दिसूं लागल्या होत्या, आणि त्यांच्याकडे पाहावें कसें, त्यांच्याशीं बोलावें कसें, हें कोणालाच माहीत नव्हतें. फडक्यांच्या कादंबरीनें एका पिढीला संभाषणाची रीत शिकविली. तिचें तें ऋण मोठें आहे, आणि ज्यांनीं तारुण्यांत या कादंबऱ्या चोरून वाचल्या त्यांनींच पुढें प्रौढपणीं त्यांची हेटाळणी केली, हें मला तितकेंसें प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं.

तरीहि एक प्रश्न उरतोच. याच फडक्यांनीं १९२७ सालीं 'सेक्स प्रॉब्लेम इन इंडिया' हें इंग्रजी पुस्तक लिहिलें, आणि त्याला अमेरिकेंतील संततिनियमनाच्या पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर यांची प्रस्तावना आहे. र. धों. कर्व्यांचें 'समाजस्वास्थ्य' सुरू झालें तेंहि याच वर्षीं. म्हणजे स्त्रीच्या शरीरावर तिचा अधिकार किती, लग्न कोणीं कोणाशीं कोणत्या विचारानें करावें, या प्रश्नांची फडक्यांना जाण होती. नुसती जाण नव्हे, त्यांवर उघडपणें लिहिण्याची छाती होती. पण हा विचारवंत फडके आणि कादंबरीकार फडके यांची गांठ क्वचितच पडते. कादंबरींतलें प्रेम बहुधा एकाच सुशिक्षित पांढरपेशा थरांत फिरतें. गैरसमज, प्रतिस्पर्धी, पत्राची चुकामूक असे अडथळे येतात आणि जातात; जातीचा अडथळा, जो प्रत्यक्षांत सर्वांत मोठा, तो कथेच्या वाटेंत फारसा येतच नाहीं, कारण दोघें एकाच आळींतलीं असतात. १९३१ च्या 'प्रतिभासाधन' या ग्रंथांत कादंबरीचें तंत्र सांगतांना त्यांनीं या मर्यादेला एक प्रकारें शास्त्राचा आधार दिला. कला कलेसाठीं असली, म्हणजे आळीबाहेर जाण्याची जबाबदारी तिच्यावर येत नाहीं.

आणि हें कोठें चाललें होतें? कोल्हापुरांत! ज्या संस्थानानें १९१७ सालीं विधवाविवाहाचा आणि १९१९ सालीं आंतरजातीय विवाहाचा कायदा केला, त्या संस्थानाच्या राजधानींत. घरांत स्त्रियांना होणाऱ्या क्रूरतेविरुद्ध आणि काडीमोडीसंबंधीं जे कायदे झाले तेहि १९१९ चेच. ब्रिटिश मुलुखांत सुधारक ज्या गोष्टींसाठीं अर्ज-विनंत्या करीत होते, त्यांतल्या कित्येक येथें एका राजाच्या सहीनें होऊन बसल्या होत्या. महाराजांनीं हें दुसऱ्याच्या घरीं शिकवायला ठेवलें नव्हतें. १९१८ मध्यें त्यांचा धाकटा मुलगा शिवाजी शिकारींत अपघातानें गेला. सून इंदुमती त्या वेळीं जेमतेम बारा वर्षांची. तिला कोपऱ्यांत बसवावयाचें सोडून महाराजांनीं सोनतळीच्या छावणींत तिच्या शिक्षणाची व्यवस्था केली, सोबतीला आणखी चार मुली दिल्या, आणि घरांतील विरोधाला जुमानलें नाहीं. मराठा आणि धनगर यांच्यांत सोयरिकी व्हाव्या म्हणून त्यांनीं इंदूरच्या होळकरांशीं बोलणें लाविलें. कागलच्या घाटगे घराण्यांतील कन्या आणि यशवंतराव होळकर यांचें लग्न महाराजांच्या पश्चात् १९२४ सालीं झालें. राजाराम कॉलेजाच्या दारापासून राजवाडा हांकेच्या अंतरावर. बारा वर्षांची विधवा पुस्तक घेऊन बसते, धनगराच्या घरीं मराठ्याची मुलगी जाते, याहून मोठी कादंबरी ती कोणती? पण मराठी कादंबरीनें ती पाहिली नाहीं.

राजघराण्याच्या याच सोयरिकींच्या जाळ्यांतून एक श्रेष्ठ इंग्रजी कादंबरीकार कोल्हापूरच्या अगदीं जवळ येऊन गेला, तीहि हकीकत सांगण्याजोगी आहे. शाहूमहाराजांची कन्या राधाबाई ऊर्फ अक्कासाहेब १९०८ मध्यें देवासच्या थोरल्या पातीचे राजे तुकोजीराव पवार यांना दिली. त्याच सालीं लंडनमध्यें ई. एम. फॉर्स्टरची 'अ रूम विथ अ व्ह्यू' निघाली. एक मुलगी घरच्यांना पसंत असलेली सोयरीक मोडते आणि मनानें निवडलेल्या तरुणाकडे जाते, अशी ती कथा. देवासचें लग्न टिकलें नाहीं. राजकन्या कांहीं वर्षांनीं माहेरीं परतली. फॉर्स्टर १९१२-१३ च्या प्रवासांत देवासला जाऊन आला होता, आणि १९२१ सालीं तर कांहीं महिने तो तुकोजीरावांचा खासगी चिटणीस म्हणून तेथें राहिला. या मराठी दरबारांतल्या गोकुळअष्टमीचें जें दर्शन त्याला घडलें तें १९२४ च्या 'अ पॅसेज टु इंडिया'च्या अखेरच्या भागांत उतरलें. आणि कोल्हापूरशीं जडलेल्या व तुटलेल्या त्या संबंधाची कहाणी १९५३ सालीं 'द हिल ऑफ देवी' या पुस्तकांत आली. अक्कासाहेबांचे पुत्र विक्रमसिंह १९४७ मध्यें शहाजी या नांवानें कोल्हापूरच्या गादीवर बसले, तें आपणांस ठाऊक आहेच. इतका जवळ आलेला हा कादंबरीकार. पण त्या काळच्या मराठी कादंबरीवर त्याची सावलीहि पडलेली दिसत नाहीं. फॉर्स्टर सुखवस्तु माणसाला त्याच्या स्वतःच्या खिडकींतून बाहेर पाहावयास लावतो, आणि बाहेर जें दिसतें तें सुखाचें नसतें. कॉरेली त्याला घरांतच बसवून रडूं देते. नव्यानें सुखवस्तु होऊं घातलेल्या वर्गानें कोणाची निवड केली असेल हें सांगावयास नको.

कोल्हापुरांतून दुसरी वाट निघालीच नाहीं असें मात्र नाहीं. वामन मल्हार जोशी तरुणपणीं येथेंच 'विश्ववृत्त' मासिकाचें काम पाहात होते. त्यांतल्या एका लेखावरून १९०८ मध्यें खटला होऊन त्यांना तुरुंगवास घडला. तेथून सुटल्यावर त्यांनीं 'रागिणी' लिहिली. ती 'मासिक मनोरंजन'मधून येऊन १९१५ सालीं पुस्तकरूपानें निघाली, म्हणजे 'अल्ला हो अकबर'च्याहि आधीं. तिच्यांत माणसें प्रेम करतात त्याहून अधिक वाद करतात, ही तक्रार खरी आहे. पण ते वाद स्त्रीला स्वतःचें मत आणि स्वतःचें आयुष्य असावें कीं नाहीं याविषयीं आहेत. वि. स. खांडेकर १९३८ मध्यें शिरोड्याची शाळा सोडून चित्रपटकथांच्या निमित्तानें कोल्हापुरास आले, ते 'उल्का' आणि 'दोन ध्रुव' बरोबर घेऊन. फडके आणि खांडेकर, एकाच गांवांत राहणारे हे दोन लेखक, लागोपाठच्या वर्षीं साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले: फडके १९४० सालीं रत्नागिरीस, खांडेकर १९४१ सालीं सोलापुरास. कलेसाठीं कला कीं जीवनासाठीं कला, हा वाद महाराष्ट्रभर गाजला. खांडेकरांचें प्रेम गरिबाच्या झोंपडीपर्यंत जातें खरें. पण तेथें गेल्यावर तें पुष्कळदां भाषण करूं लागतें. तरी तें गेलें, हें विसरतां येत नाहीं.

या सगळ्यांत जिच्याविषयीं हे पुरुष लिहीत होते ती मुलगी स्वतः बोलली ती १९३३ सालीं. 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह त्या वर्षीं 'विभावरी शिरूरकर' या नांवानें निघाला. शिकलेली, नोकरी करणारी, आणि तिच्या पगारावर घर चालतें म्हणून जिच्या लग्नाची घाई कोणालाच नाहीं, अशी प्रौढ कुमारिका त्यांत आपलें मन उघड करते. तिला टेनिसच्या मैदानावर नायक भेटत नाहीं. महाराष्ट्रांत केवढी खळबळ उडाली! हें लिहिणारी बाई आहे कीं बाईच्या नांवामागें दडलेला पुरुष, असे तर्क चालले. लेखिका होत्या कर्व्यांच्या संस्थेंत शिकलेल्या बाळूताई खरे, पुढें मालतीबाई बेडेकर. मेरी मॅकेनें 'कॉरेली' हें नांव शोभेसाठीं घेतलें होतें, माधवरावांनीं 'जूलियन' आवडीखातर. बाळूताईंनीं 'विभावरी' घेतलें तें आपण कोण हें कोणास कळूं नये म्हणून, आणि पुढें कित्येक वर्षें त्यांनीं तें कळूं दिलें नाहीं.